मोजणारे डोळे

आज मेसमध्ये जेवताना एक छोटासा प्रयोग करून बघा. ताटात तीन पुऱ्या पडल्या तर त्या तुम्ही मोजता का? अजिबात नाही. नजर टाकली की कळतं, तीन आहेत, आणि चौथीसाठी हात वर होतो! आता होस्टेलवर परत या. कोणाचा तरी वाढदिवस आहे आणि रूमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडलाय. आत किती जणी आहेत? इथे नुसतं बघून भागत नाही. नजर एका चपलेवरून दुसरीवर जाते, मनात आकडा पुढे सरकतो, मध्येच "ही मोजली होती का?" अशी शंका येते आणि शेवटी आपण बोट पुढे करतो.

म्हणजे तीन-चार वस्तूंपर्यंत बघणं पुरतं, त्यापुढे मोजणं लागतं. पण आपण शाळेपासून असं धरून चाललेलो असतो की मोजणं हे फक्त डोक्याचं काम, आणि ज्याला मोजता येत नाही त्याचं डोकं कमी. हे "डोकं कमी" मी घरात इतक्या वेळा ऐकलंय, की एकदा त्याच्या मुळाशी जावं असं वाटलं.

मी सिरोंचाची. महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि बोट उजवीकडे खाली खाली नेत जा, जिथे प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे आमचं गाव. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर, आणि तेलंगणा मात्र नदीपलीकडे. त्यामुळे बाजारात तेलुगू, शाळेत मराठी, आणि माझ्यासारख्या कॉन्व्हेंटमध्ये गेलेल्यांच्या वहीत इंग्रजी! माझं मराठी सांभाळून घ्या.

माझ्या आत्याचं तिथे छोटं किराणा दुकान आहे. तिची मुलगी, म्हणजे माझी आतेबहीण, सोळा वर्षांची आहे आणि तिला डाऊन सिंड्रोम आहे. आत्या आणि मामाजी दोघांचीही आता वयं होत आली. मागच्या उन्हाळ्यात आत्या म्हणाली, "आमच्या मागे हिचं काय, सांग ना पोरी. दुकान हाय, पण हिले गिनताच येत नाही. सहा अंडे मागितले तर आठ देते. गल्ल्यावर कशी बसवू?" मामाजींनी तर दुकान भाड्याने द्यायचं जवळजवळ ठरवलंच होतं.

हा प्रश्न ऐकून मला, खरं सांगते, डिजिटल लॅब आठवली. सेकंड इयरला आपण सगळ्यांनी ७४९० काउंटर लावलाय. पुश बटन एकदा दाबलं की डिस्प्लेवर १ यायला पाहिजे, तर येतो कधी ३, कधी ४. आयसी खराब आहे म्हणून बदलून मागायला गेलात तर लॅब असिस्टंट हसतात. आयसी ठणठणीत असते. बटणाच्या आतल्या धातूच्या पट्ट्या दाबल्यावर क्षणभर थरथरतात, एका दाबाचे तीन-चार दाब होतात, आणि बिचारी आयसी जे येईल ते इमानदारीने मोजते. डिबाउन्सिंग बटणाकडून येणाऱ्या सिग्नलवर करायचं असतं, काउंटर बदलून काही होत नाही.

माणसाच्या मोजण्यातही असे भाग वेगळे करता येतात. रॉशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली लहान मुलांच्या मोजण्याचे नियम मांडले. त्यातले मुख्य तीन आपल्या भाषेत असे : एक, आकड्यांचे शब्द ठरलेल्या क्रमानेच यायला हवेत. दोन, एका वस्तूला एकच शब्द, ना कमी ना जास्त. तीन, शेवटचा शब्द हीच एकूण संख्या. यातला पहिला नियम जिभेचा आणि स्मरणशक्तीचा. तिसरा समजुतीचा. पण दुसरा? तो बराचसा नजरेवर चालतो. नजर एका वस्तूवर टेकली पाहिजे, शब्द पुरा होईपर्यंत तिथे थांबली पाहिजे, मग तिथून सुटून पुढच्या, न मोजलेल्या वस्तूवर गेली पाहिजे, आणि मागे वळता कामा नये. यातलं थांबणं बिघडलं किंवा सुटणं बिघडलं, तर मोजणं बिघडतं. आकड्यांची समज कितीही असो.

आता आनुवंशिक आजारांकडे येऊ. 'आजार' हा शब्द खरं तर बरोबर नाही, कारण हा ताप-खोकला नाही, ही जन्मापासूनची घडण आहे. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या क्रोमोसोमच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. हे १९५९ साली फ्रान्समध्ये लेज्यून, मार्थ गोतिए आणि तुर्पां यांनी दाखवलं. आत्याला मात्र कोणीतरी "तू ग्रहणात बाहेर गेली होतीस" असं सांगून ठेवलंय, आणि ती अजून स्वतःला दोष देते. ग्रहणाचा आणि क्रोमोसोमचा काडीचाही संबंध नाही, हे या पानावर छापून यावं म्हणून मुद्दाम लिहिते. ज्यांनी २०१४ चा 'यलो' हा मराठी सिनेमा पाहिलाय त्यांना पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ आठवेल. तिला डाऊन सिंड्रोम आहे आणि सिनेमात तिने स्वतःचीच भूमिका केली आहे.

दुसरी अवस्था विल्यम्स सिंड्रोम. ही बरीच दुर्मिळ. सातव्या क्रोमोसोमवरचा सुमारे २५ ते २८ जीन्सचा एक छोटा तुकडा गळालेला असतो. ही मुलं बहुधा बोलकी, अनोळखी माणसाशीही लगेच गट्टी करणारी. पण ठोकळे जुळवायला दिले, नकाशा किंवा चित्र उतरवायला सांगितलं की अडतात.

लंडनमध्ये ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ नावाच्या संशोधिका होत्या, २०१६ साली वारल्या. त्यांच्या गटाने या दोन अवस्थांची लहान मुलं शेजारी ठेवून पाहिली. प्रयोगाची युक्ती फार साधी आहे. बोलता न येणाऱ्या मुलाला "किती?" असं विचारता येत नाही, पण मूल नव्या गोष्टीकडे जास्त वेळ बघतं. म्हणून आधी दोन-दोन वस्तूंची चित्रं दाखवत राहायची. मग एकदम तीन वस्तूंचं चित्र आणायचं. मूल त्याच्याकडे जास्त वेळ बघत राहिलं तर समजायचं, याला दोन आणि तीन यातला फरक कळला. त्यांचा हा लेख १९९९ साली 'सायन्स' मध्ये आला. निकाल असा की विल्यम्सच्या मुलांना दोन आणि तीन यातला फरक कळला, डाऊनच्या मुलांना कळला नाही.

इथे थांबलो असतो तर "डाऊनवाल्यांचं गणित कच्चं" असं म्हणून पुस्तक मिटता आलं असतं. पण त्याच गटाने मोठी माणसंही तपासली होती आणि तिथे चित्र उलटं निघालं. मोठेपणी संख्यांच्या कामात डाऊन सिंड्रोमची माणसं विल्यम्सच्या माणसांपेक्षा सरस ठरली!

मग पुढे मोठ्या संख्या घेऊन पाहिलं. आठ ठिपके आणि सोळा ठिपके. सहा महिन्यांच्या साध्या बाळालाही हा फरक कळतो, हे फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी २००० साली दाखवलं होतं. इथे ठिपके एकेक मोजायचे नसतात, एका नजरेत अंदाज घ्यायचा असतो. तर या प्रयोगात विल्यम्सची मुलं अडली आणि डाऊनच्या मुलांना जमलं. म्हणजे लहान संख्येत एकाची बाजू, मोठ्या संख्येत दुसऱ्याची.

असं का? कार्मिलॉफ-स्मिथ यांच्या गटाचं उत्तर नजरेत होतं. विल्यम्सच्या लहान मुलाची नजर एका वस्तूवर चिकटते, तिथून लवकर सुटत नाही. समोर दोन-तीनच वस्तू असतील तर हे चिकटणं फायद्याचं ठरतं. पण सोळा ठिपक्यांचा पसारा एकदम कवेत घ्यायचा तर नजर फिरावी लागते, ती फिरत नाही. डाऊनच्या मुलाचं उलटं. त्याची नजर पसाऱ्यावरून फिरते, पण एकेका वस्तूवर पुरेशी टिकत नाही. आणि पुढे वर्षानुवर्षं हीच नजर घेऊन मूल शिकत जातं, त्यामुळे सुरुवातीला छोटा दिसणारा फरक मोठेपणी भलतीकडेच नेऊन सोडतो. मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की यात कोणाचाही "गणिताचा जीन" सापडलेला नाही. सापडल्या त्या बघण्याच्या दोन वेगळ्या तऱ्हा.

अजूनही काही अवस्था आहेत. टर्नर सिंड्रोममध्ये मुलींना एकच एक्स क्रोमोसोम असतो, बुद्धी बहुधा सर्वसाधारण असते, बोलणं-वाचणं छान असतं आणि गणित व भूमिती मात्र छळतात. फ्रॅजाइल एक्समध्ये लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर वळवणं जड जातं. बाविसाव्या क्रोमोसोमचा तुकडा गळालेल्या मुलांमध्येही जागेचं भान आणि संख्या दोन्ही एकत्र अडखळतात. प्रत्येकाची गोष्ट वेगळी. हे सगळे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत, समोरच्या एका मुलाला ते तंतोतंत लागू पडतीलच असं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

म्हणून मी आतेबहिणीकडेच नीट बघायचं ठरवलं. दुकानात काउंटरवर मोबाईल टेकवून ठेवला आणि ती टोपलीतली अंडी मोजत असताना तिच्या बोटाचं आणि चेहऱ्याचं शूटिंग केलं. संध्याकाळी ते स्लो करून पाहिलं. आकडे एकदाही चुकले नव्हते! एक, दोन, तीन, चार, थेट वीसपर्यंत क्रम पक्का. चुकत होतं ते बोट. एका अंड्यावर दोनदा जायचं, एखादं सुटायचं, मध्येच रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की नजर तिकडे, आणि परत आली की भलत्याच अंड्यावर. आयसी ठणठणीत, बटन थरथरतंय!

त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट लक्षात आली. ती अंडी अगदी नाकाजवळ धरून बघायची. डाऊन सिंड्रोमच्या बऱ्याच मुलांना जवळच्या वस्तूवर फोकस नीट करता येत नाही, यावर ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात मॅगी वुडहाऊस यांच्या गटाने बरीच वर्षं काम केलंय. आपल्याला हा त्रास चाळिशीनंतर होतो, या मुलांना लहानपणापासूनच. अशा मुलांना बायफोकल चष्म्याचा उपयोग होतो असं त्यांना दिसलं. आतेबहिणीचे डोळे पूर्वी एका शिबिरात तपासले होते, पण तिथे फक्त लांबच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतली होती, आणि लांबचं तिला दिसतं. जवळचं कोणी तपासलंच नव्हतं. दहा वर्षं शाळेत जी वही तिच्यापुढे ठेवली ती तिला धूसर दिसत असावी, हा विचार आला की अजूनही कसंतरी होतं. आमच्याकडची माणसं दवाखान्यासाठी बहुधा नदीपलीकडेच जातात. मामाजी तिला तिकडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, आता बायफोकल लागलाय.

चष्मा आल्यावरही नजर टिकवायचं काम उरलंच. त्यावरचा उपाय मात्र दुकानातच होता, अंड्यांचा ट्रे. तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, सहा बाय पाच. त्यातून पाच-पाचच्या दोन ओळी कापून घेतल्या, झाला दहाचा साचा. टोपलीतून अंडं उचलायचं, खळग्यात ठेवायचं, आकडा म्हणायचा. उचललेलं अंडं परत मोजलं जात नाही कारण ते टोपलीत राहिलेलंच नाही. सुटत नाही कारण खळगा रिकामा दिसतो. थोडक्यात, नजरेने जे लक्षात ठेवायचं ते ट्रेच लक्षात ठेवतो. आणि गंमत म्हणजे एक ओळ भरली की पाच, हे दोन आठवड्यांत तिला न मोजताच कळायला लागलं. सहा म्हणजे एक भरलेली ओळ आणि खाली एक. या मुलांची ऐकून लक्षात ठेवण्याची ताकद कमी आणि बघून लक्षात ठेवण्याची त्या मानाने चांगली असते, असं संशोधनही सांगतं. इंग्लंडमध्ये 'न्युमिकॉन' नावाचे छिद्रांचे प्लास्टिकचे रंगीत साचे याच कारणासाठी वापरतात. आमचा पुठ्ठ्याचा, आणि फुकट!

नीट पाहिलं तर आमच्या भागात ही युक्ती नवी नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. सकाळी जंगलातून पानं आणायची आणि दुपारी घराघरात पुडे बांधायला बसायचं. आपल्याकडे ७० पानांचा एक पुडा आणि अशा १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. शेजारच्या घरी म्हातारी आजी गप्पा मारत पुडे बांधते, पानांकडे बघतही नाही. पाच पानं झाली की ती आडवी सरकवते. सत्तरपर्यंत लक्षात ठेवायची तिला गरजच पडत नाही, फक्त पाचपर्यंत, आणि मग आडव्या गठ्ठ्या. आपण इंजिनिअर लोक याला बफर म्हणतो आणि त्यावर व्हायव्हा घेतो. अष्टाचम्मा खेळतानाही तेच. कवड्या चारच असतात, त्यामुळे उताण्या किती पडल्या ते कोणी मोजत नाही, नुसतं बघतात. सुरुवातीलाच म्हटलेली तीन-चारची मर्यादा कोणी तरी हुशारीने सांभाळलेली दिसते. आतेबहीण या खेळात मला हरवते.

वीसच्या पुढे मात्र नवीच अडचण आली, आणि ती मराठीची होती. आपण २७ लिहिताना आधी २ लिहितो, पण बोलताना 'सत्तावीस' म्हणजे सात आधी. डोळा एका दिशेने, जीभ दुसऱ्या. वर एकोणतीस, एकोणचाळीस आहेतच. मेसचा कारकून "एकोणऐंशी" म्हणाला की मला आजही क्षणभर थांबून मनात इंग्रजी करावं लागतं! ज्या मुलीला ऐकून लक्षात ठेवणं जड जातं, तिला शंभरपर्यंतचे हे वेगवेगळे शब्द म्हणजे शिक्षाच. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस' बरोबर 'वीस सात' असंही वाचायची सोय केली तेव्हा राज्यभर केवढी थट्टा आणि गदारोळ झाला होता. समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांना किती ठिकाणी खुलासे द्यावे लागले. २०२३ साली त्या गेल्या. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं, कारण सिरोंचाला हा प्रयोग रोज चालतो. तेलुगूत २७ म्हणजे 'इरवै एडु', सरळ वीस सात. आतेबहीण वीसपर्यंत मराठीत मोजते आणि पुढे आपोआप तेलुगूत शिरते. आधी आत्या तिला टोकायची. आता नाही टोकत. गिऱ्हाइकाला अंडी बरोबर मिळाली म्हणजे झालं, ती कोणत्या भाषेत मोजली याच्याशी त्याला काय करायचंय?

तुमच्यापैकी कोणाच्या घरी, शेजारी असं मूल असेल तर दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्यात डाऊन सिंड्रोमची तपासणी येते. त्यांची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात, आणि पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय आहे. आमच्यासारख्या कडेच्या गावांना सिकंदराबादची बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था भाषेने जवळची पडते, ती १९८४ पासून आहे. कुठेही गेलात तरी डोळ्यांची जवळची तपासणी आणि कानांची तपासणी मागून घ्या, कारण या मुलांमध्ये ऐकण्याचा त्रासही बऱ्याचदा असतो आणि आकडे आधी कानातूनच आत जातात. आणि मूल मोजत असेल तेव्हा उत्तराकडे नंतर बघा, आधी त्याची नजर कुठे जाते ते बघा.

दुकान भाड्याने दिलेलं नाही. सध्या ती संध्याकाळी पाच ते सात अंडी आणि बिस्किटं सांभाळते. नोटा रंगाने ओळखते, पन्नासची निळी, शंभरची जांभळट, दोनशेची पिवळी. एक आणि दोनची नाणी मात्र दोन्ही पांढरी आणि आकारात थोडाच फरक, तिथे अजून घोटाळा होतो. चिल्लर परत द्यायचं काम आत्याच करते, कारण वजाबाकीत ट्रेमधून अंडी काढून घ्यावी लागतात आणि रिकामे खळगे मोजायचे की भरलेले, यावर आमचं दोघींचं अजून भांडण चालू आहे. दिवाळीच्या सुट्टीत तेच काम आहे.